कानांनी उलगडणारी रहस्ये

सकाळी वनाज स्थानकातून सुटणाऱ्या मेट्रोत एकदा सहज आजूबाजूला पाहा. बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. कोणी गाणी ऐकते, कोणी कार्यालयातले बोलणे उरकून घेते. आणि कोणी एखाद्या खुनाचा तपास ऐकत असते! आयडियल कॉलनी गेली, नळस्टॉप गेले, गरवारे कॉलेज आले तरी या माणसाचे डोळे खिडकीबाहेर आणि मन एका बंद खोलीच्या दाराशी असते. दार किरकिरते, पावले थांबतात, कोणीतरी दबक्या आवाजात नाव घेते, आणि भाग संपतो. पुढचे काय ते पुढच्या भागात.

या प्रकाराला आज ध्वनिनाट्य म्हणतात किंवा सरळ पॉडकास्ट म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे. आपल्या आजी-आजोबांनी रेडिओपाशी बसून ज्या श्रुतिका आणि नभोनाट्ये ऐकली, त्यांचीच ही नातवंडे. फरक इतकाच, की तेव्हा घरातला एक रेडिओ सगळ्यांचा होता आणि आता ज्याचे त्याचे कान ज्याच्या त्याच्या फोनला जोडलेले आहेत. हा फरक मिटवता येईल का? आपल्या मुस्लिम कुटुंबांच्या दृष्टीने मला हा प्रश्न करमणुकीपेक्षा मोठा वाटतो.

अंधारातून सुरुवात

15 जानेवारी 1924 रोजी लंडनहून बीबीसीने 'डेंजर' नावाचे एक छोटे नाटक प्रसारित केले. रिचर्ड ह्यूज हे त्याचे लेखक. खास रेडिओसाठी लिहिलेले हे पहिले नाटक मानले जाते. त्याचे कथानक कोळशाच्या खाणीत घडते. खाणीत दिवे जातात आणि माणसे काळोखात अडकतात. ऐकणाऱ्यांनीही आपल्या घरातले दिवे मालवून ऐकावे, असे तेव्हा सुचवले गेले होते. काही दिसत नाही ही रेडिओची उणीव होती. ह्यूज यांनी त्या उणिवेलाच कथेचा विषय केले.

रहस्यकथेला तर हा अंधार फारच मानवला. अमेरिकेत 'सस्पेन्स' ही मालिका 1942 पासून 1962 पर्यंत, म्हणजे वीस वर्षे चालली. तिच्यातली 1943 सालची एक गोष्ट आजही उदाहरण म्हणून सांगितली जाते. अंथरुणाला खिळलेली एक बाई फोन लावते, लाइन चुकून दुसऱ्याच संभाषणात जोडली जाते आणि तिला एका खुनाचा बेत ऐकू येतो. 'सॉरी, राँग नंबर' हे तिचे नाव. ती बाई जे ऐकते तेच आपण ऐकतो. तिला जितके कळते तितकेच आपल्यालाही कळते. पडद्यावर ही जवळीक साधणे अवघड आहे.

इंग्लंडच्या राणी मेरी यांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांनी अर्ध्या तासाची रहस्य-श्रुतिका लिहिली. ती 30 मे 1947 रोजी प्रसारित झाली. तिचेच पुढे 'द माउसट्रॅप' हे नाटक झाले. 1952 मध्ये ते लंडनच्या रंगभूमीवर आले आणि जगात सर्वाधिक काळ चाललेले नाटक ठरले. त्या नाटकाचे मूळ रेडिओवरच्या अवघ्या तीस मिनिटांत आहे.

पुण्याचे कान

आपल्याकडे मुंबईचे रेडिओ केंद्र 1927 साली सुरू झाले. पुण्याचे आकाशवाणी केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी सगळ्या घराने रेडिओभोवती जमायचे, ही सवय पुणेकरांना फार लवकर लागली. 1955-56 मध्ये 'गीतरामायण' याच केंद्रावरून आठवड्याला एक गीत याप्रमाणे वर्षभर प्रसारित झाले, तेव्हा ही सवय साऱ्या महाराष्ट्राला दिसली. आज आपण ज्याला मालिकेचा पुढचा भाग म्हणतो, त्याची वाट पाहण्याची गोडी त्या काळातली आहे.

विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या 1 नोव्हेंबर 1967 रोजी, आणि पहिल्यांदा मुंबई-नागपूर-पुणे या केंद्रांवर. जाहिराती आल्या तशा प्रायोजित मालिकाही आल्या. त्यांतली 'इन्स्पेक्टर ईगल' साठीच्या पुढच्या अनेकांना आठवत असेल. ईगल थर्मास बनवणाऱ्या कंपनीने प्रायोजित केलेली ही पोलिसी तपासाची हिंदी मालिका. विनोद शर्मा यांचा इन्स्पेक्टरचा आवाज आणि सोबतीला हवालदार नाईक. मालिका इतकी गाजली, की पुढे संजीव कुमार यांना घेऊन याच नावाचा चित्रपट निघाला. हे थर्मास आपल्या तळेगावच्या कारखान्यात तयार होत. म्हणजे थर्मास तळेगावचा, त्यातला चहा घरचा आणि चोर मात्र रेडिओतला!

त्याच विविध भारतीवर 'हवामहल' होते. पंधरा मिनिटांत एक पूर्ण नाटिका. मगरिबनंतर स्वयंपाक आवरत असताना, चूल किंवा स्टोव्ह सांभाळत, बायकांनी जितक्या श्रुतिका ऐकल्या तितकी नाटके त्यांना नाट्यगृहात जाऊन पाहता आली नसती. कोथरूडला आज यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे. परंतु तिथवर जायला तिकीट लागते, वेळ लागतो, मुलांना सांभाळणारे कोणीतरी लागते. कानाच्या नाट्यगृहाला यातले काहीच लागत नाही.

नवी ध्वनिनाट्ये कशी असतात?

दूरचित्रवाणी आली आणि रेडिओनाटकांचा बहर ओसरला. पुढे खिशातल्या फोनने त्यांना पुन्हा वाट करून दिली. अमेरिकेत 2015 साली 'लाइमटाउन' आले. एका वस्तीतली सगळी माणसे नाहीशी होतात आणि एक रेडिओ पत्रकार त्यांचा शोध घेते, अशी ती कथा. 2016 सालचे 'होमकमिंग' तर बरेचसे फोनवरची बोलणी आणि समुपदेशकाच्या खोलीतली संभाषणे यांवरच उभे आहे. जुन्या नाटकात एक सूत्रधार गोष्ट सांगत असे. नव्यात आपल्या हाती जणू पुराव्याच्या ध्वनिफिती दिल्या जातात आणि तपास आपल्यालाच करायचा असतो.

भारतात या प्रकाराचे सर्वांत मोठे घर कोलकात्यात आहे. तिथल्या रेडिओ मिर्चीवर 2009 पासून 'संडे सस्पेन्स' नावाचा बंगाली कार्यक्रम चालतो. सत्यजित राय यांचा फेलूदा, शरदिंदू बंद्योपाध्याय यांचा ब्योमकेश आणि परदेशी रहस्यकथांची रूपांतरे त्यात सादर झाली. ज्या आवाजामुळे हा कार्यक्रम बंगालच्या घराघरांत पोहोचला, तो मीर अफसर अली यांचा. रविवारी दुपारी सगळ्या कुटुंबाने रेडिओ ऐकावा, हे जुन्या काळातले दृश्य त्यांनी नव्या काळात परत आणून दाखवले. हिंदीत 'भास्कर बोस' ही गुप्तहेराची ध्वनिमालिका लोकप्रिय झाली.

मराठीत रहस्यकथांची कमतरता कधीच नव्हती. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी अमर विश्वास, फिरोज इराणी, दारा बुलंद असे नायक उभे केले. 2017 साली स्टोरीटेल ही मूळची स्वीडिश कंपनी भारतात आली, ती इंग्रजी-हिंदीच्या जोडीने मराठी घेऊन. मराठी पुस्तके ऐकण्याचे वळण त्यानंतर वाढले. तिच्या मूळ स्वीडिश मालिकेचा 'व्हायरस पुणे' हा मराठी अवतारही निघाला. मुक्ता बर्वे यांच्या आवाजातली ही कथा पुण्यातच घडते. ओळखीच्या रस्त्यांची नावे कानावर आली की भीती जास्त जवळची होते, हे ती ऐकताना कळते.

लिपीची भिंत

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्यापैकी कितीतरी घरांत भाषा एक आणि लिप्या दोन-तीन अशी स्थिती आहे. दादा उर्दू वाचतात. नातू मराठी किंवा इंग्रजी शाळेत जातो, त्याला उर्दू लिपी येत नाही. दादी भाजीवाल्याशी अस्खलित मराठी बोलते, परंतु मराठी मासिक वाचताना अडखळते. बोलताना घर एक असते. पुस्तक उघडले की घराचे तुकडे होतात.

इब्ने सफी यांचेच उदाहरण घ्या. त्यांची 'जासूसी दुनिया' 1952 साली अलाहाबादहून सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या कथांनी उर्दू वाचणाऱ्या घरांना वेड लावले. 1955 पासून इम्रान आला. याच कथा देवनागरीतही निघाल्या, तेव्हा फरीदीचा विनोद झाला आणि इम्रानचा राजेश. हमीद मात्र हमीदच राहिला. लिपी बदलली आणि नायकांना नावे बदलावी लागली! आज दादांच्या पेटीत या कादंबऱ्या असल्या, तरी नातवाच्या दृष्टीने ती नुसती वळणदार नक्षी असते. मात्र तीच कथा कोणी वाचून दाखवली, तर त्याला ऐंशी टक्के सहज कळते. उरलेली वीस टक्के तो विचारतो, आणि दादा-नातवाचे बोलणे तिथेच सुरू होते.

ही गोष्ट एका मुस्लिम महिलेने फार पूर्वी ओळखली होती. मुंबईच्या कुलसुम सयानी यांनी नवसाक्षरांसाठी 'रहबर' हे पाक्षिक 1940 पासून 1960 पर्यंत चालवले. सोपी हिंदुस्तानी भाषा, आणि लिप्या तीन : देवनागरी, उर्दू व गुजराती. जो जे वाचू शकतो त्याने त्या लिपीत वाचावे. त्यांचे धाकटे चिरंजीव अमीन सयानी लहानपणी आईच्या या कामात मदत करत. 'रहबर'ने मला सोपे बोलायला शिकवले, असे ते पुढे सांगत. 1952 पासून 'बिनाका गीतमाला'तून त्यांचा आवाज साऱ्या देशाने ऐकला. आईला तीन लिप्या छापाव्या लागल्या. मुलाला एकही लागली नाही. एका आवाजात तिन्ही लिप्यांचे वाचक मावले.

गोष्ट ऐकणे आपल्या परंपरेला नवे नाही. दास्तानगो रात्र रात्र अमीर हमजाची दास्तान सांगत. दिल्लीचे मीर बाकर अली हे जुन्या परंपरेतले शेवटचे नामवंत दास्तानगो 1928 मध्ये वारले. 2005 मध्ये महमूद फारूकी यांनी, शम्सुर्रहमान फारूकी यांच्या मार्गदर्शनाखाली, ही कला पुन्हा उभी केली. तिलिस्म, ऐयार, वेषांतर, ऐन मोक्यावर थांबवलेली कथा : आजच्या रहस्यमालिकेचे बहुतेक मसाले त्या दास्तानांत सापडतात.

डोळे कमी, कान तयार

ऐकण्याच्या नाटकात आणखी एक न्याय आहे. पडदा पाहताना तरुण डोळे पुढे असतात. मोतीबिंदू किंवा काचबिंदू झालेली म्हातारी माणसे मागे पडतात. 'आता काय झाले?' असे ती दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. आवाजाच्या नाटकात सगळे सारखे.

आमच्या घरी शनिवारी इशानंतर एक भाग ऐकायचा शिरस्ता आहे. एका कथेत काठी टेकत चालणारा एक वृद्ध होता. शेवटच्या पाच मिनिटांआधी आवाज थांबवून प्रत्येकाने गुन्हेगार सांगायचा होता. मुलांनी नोकराचे नाव घेतले, कारण तो उद्धट बोलत होता. अम्मीने वृद्धाचे घेतले. तेच खरे निघाले.

"दादी, तुमको कैसे मालूम पडा?"

"जिने पे चढते टाइम लाठी की आवाज आयीच नहीं ना, बेटा."

जिला हल्ली माणसांचे चेहरे नीट दिसत नाहीत, तिने न वाजलेली काठी ऐकली होती. त्या दिवसापासून मुले तिच्या शेजारी बसून ऐकतात. कोथरूडमध्येच अंध मुलींची शाळा आहे. डोळस माणसांनी करमणूक म्हणजे चित्र असे ठरवून टाकले, तेव्हा आपण किती जणांना दाराबाहेर ठेवले, हा विचार अशा वेळी मनात येतो.

सदऱ्याचा पुरावा

रहस्यकथा ऐकून मुलांना काय मिळणार, असा प्रश्न काही वडीलधारी विचारतील. प्रश्न रास्त आहे. वेळ ही अमानत आहे आणि ती कशात घालवली याचा हिशोब आहेच. माझ्या मते, चांगली रहस्यकथा एक मोलाची सवय लावते : पुराव्याआधी कोणावर आरोप करू नये.

सूरह यूसुफ आठवा. भावांनी हजरत यूसुफ (अ.स.) यांच्या सदऱ्यावर खोटे रक्त लावून आणले, आणि वडील हजरत याकूब (अ.स.) यांनी त्या कहाणीवर विश्वास ठेवला नाही. पुढे मिसरमध्ये हजरत यूसुफ (अ.स.) यांच्यावर आळ आला, तेव्हाही निवाडा सदऱ्यानेच केला. सदरा पुढून फाटला असेल तर बाई खरी, मागून फाटला असेल तर ते खरे, असे घरातल्याच एका साक्षीदाराने सुचवले. सदरा मागून फाटलेला निघाला. वस्तू पाहा, मग बोला, ही शिकवण तिथे आहे. सूरह हुजुरातमध्ये अति संशयापासून दूर राहण्याची, आणि बातमी आली तर तिची खातरजमा करण्याची ताकीद आहे.

रहस्यकथेत पहिला संशयित बहुधा निर्दोष असतो. तो गरीब असतो, परका असतो, उद्धट असतो, म्हणून आपण त्याला दोषी मानलेले असते. शेवटी खरा गुन्हेगार कळतो तेव्हा आपल्याला आपलाच घाईचा निवाडा दिसतो. नोकराचे नाव घेणारी आमची मुले त्या रात्री हेच शिकली. नाव आणि पेहराव पाहून माणसावर संशय घेतला जाण्याचा अनुभव आपल्या समाजाला अपरिचित नाही. आपण दुसऱ्याला तोच अन्याय करू नये, हे मुलांनी खेळता खेळता शिकावे यापेक्षा चांगले काय?

सुरुवात कशी करावी?

छोट्या भागांपासून सुरुवात करा. पंधरा ते तीस मिनिटे पुरेशी आहेत. आकाशवाणीच्या मोफत अ‍ॅपवर विविध भारती आणि पुणे केंद्र थेट ऐकता येते. साधा रेडिओ असेल तर पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला लागते. यूट्यूबवर जुन्या-नव्या श्रुतिका आणि उर्दू कथांची वाचने आहेत. कोणतीही मालिका मुलांपुढे लावण्याआधी मोठ्यांनी एकदा ऐकावी. काही मालिकांत शिवीगाळ आणि अश्लील बोलणे असते. अशा टाळाव्यात. जिथे संगीत चालत नाही त्या घरांनी एकाच आवाजातले साधे कथावाचन निवडावे. भुताखेतांच्या कथा लहान मुलांना नकोच. रहस्यकथेतल्या भीतीला शेवटी कारण सापडते. भूतकथेतली भीती मुलाच्या उशाशी राहते.

इअरफोन बाजूला ठेवून एकच स्पीकर मध्ये ठेवा. दिवा मंद करा. शेवट येण्याआधी थांबवून प्रत्येकाला मत विचारा, आणि मताबरोबर कारणही विचारा. कारण नसेल तर मत धरायचे नाही, हा नियम मुलांना आवडतो. एकट्याने ऐकणाऱ्या तरुणांसाठी एक सूचना : आवाज फोनच्या क्षमतेच्या साठ टक्क्यांपुढे नेऊ नये. मोठ्यांनी 80 डेसिबलच्या आवाजात आठवड्याला 40 तासांहून अधिक ऐकू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. मुलांसाठी ती 75 डेसिबल आहे. रस्ता ओलांडताना तर इअरफोन कानात नकोच. पौड रोडवरची वाहने कोणत्याही गुन्हेगारापेक्षा जास्त धोकादायक आहेत.

मुले रमली की त्यांना स्वतःचे नाटक करू द्या. करवंटीचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की घोड्याच्या टापा. बिस्किटाच्या पुड्याचा कागद चुरगाळला की जाळ. पत्र्याचा तुकडा हलवला की ढगांचा गडगडाट. माइकपासून चार पावले मागे सरकून बोलले की माणूस दूर गेला. रेडिओच्या कलाकारांनी याच युक्त्या वापरल्या आहेत. फोनवर मुद्रण करा, दादांना उर्दूतले एक पात्र द्या, नानीला मराठीतले. दोघांच्या वाट्याला चार-चार वाक्ये आली तरी पुरेत. ती फीत जपून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचे फोटो आपल्याकडे शेकड्यांनी असतात, आवाज मात्र क्वचितच असतो. उद्या तो आवाज ऐकावासा वाटेल तेव्हा रहस्यकथेच्या निमित्ताने का होईना, तो आपल्यापाशी असेल.